कार्डावरचा टिळा

"चोर म्हणतात ते एकवेळ सोसेन, मॅडम. पण मी काय सांगते ते कुणी ऐकूनच घेत नाही. त्यानं डोकं फिरायची वेळ आलीय."

शिफा शिकलगार खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. कुंडलहून पहाटेच्या एसटीनं निघून ती साताऱ्याला आली होती आणि समोरचा चहा तसाच गार झाला होता.

रेश्मा खराडेनं तिला बोलू दिलं. विमा कंपनीसाठी खोटे दावे शोधण्यात तिची बारा वर्षं गेली होती. आता पोवई नाक्याजवळ दोन खोल्या घेऊन ती खासगी तपासाची कामं करायची. समोरचा माणूस रागात असला की त्याला रिकामा होऊ द्यायचा, ही तिची पद्धत होती.

कोपऱ्यात आकाराम सपकाळ वही उघडून बसले होते. पोस्टात छत्तीस वर्षं टपाल वर्गवारी करून ते निवृत्त झालेले. अक्षर चांगलं, म्हणून रेश्मानं त्यांना टिपणं घ्यायला ठेवलं होतं. दोन वर्षांत एकाही प्रकरणाचं उत्तर त्यांना तिच्या आधी सापडलं नव्हतं. आपण इथं नक्की कशासाठी आहोत, असा प्रश्न त्यांना दर पंधरवड्याला पडायचा.

"पहिल्यापासून सांगा," रेश्मा म्हणाली.

कुंडलला फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदार उदयसिंह यांचा लग्नाच्या व्हिडिओचा स्टुडिओ होता. शूटिंग, गाड्या, माणसं सुभेदार बघायचे. संकलन, रंग, शेवटची फिल्म हे सगळं शिफाचं. चार वर्षांच्या कामावर खूश होऊन येत्या पाडव्याला तिला भागीदार करायचं त्यांनी कबूल केलं होतं.

"आणि आता?"

"आता काल त्यांनी ठाण्यात अर्ज दिलाय. मी ग्राफिक्स कार्ड बदलून विकलं म्हणून."

आकारामांनी पेन थांबवलं. "कार्ड म्हणजे... आधार कार्डाएवढं?"

शिफानं दोन्ही हात हवेत धरले. "एवढं, काका. दोन विटा जोडल्यासारखं. कॉम्प्युटरच्या पेटीत बसतं. व्हिडिओ तयार होऊन बाहेर पडताना खरं काम तेच करतं."

"आणि बदललं म्हणजे?"

"मी सोळा जीबी मेमरीचं घ्यायला लावलं होतं. आता आत आठचं आहे. कंपनी तीच, नाव तेच, पंखे तेच. बाहेरून जुळी भावंडं." ती क्षणभर थांबली. "लोकांना वाटतं कार्ड म्हणजे नुसता वेग. आमच्या सहा-के, म्हणजे फार बारकाव्यांच्या चित्राच्या फिल्मला, त्यात अंधारातल्या शॉटमधली खरखर, ते नाचणारे ठिपके काढायचे असले, तर मेमरी लागते. आठमध्ये ते काम हळू होत नाही, मॅडम. होतच नाही. मध्येच बंद पडतं."

आकारामांना वर्गवारीचं टेबल आठवलं. टेबल लहान असलं की माणूस कितीही चपळ असो, टपाल खाली पडणारच. एवढं मात्र आपल्याला समजलं, असं त्यांना वाटलं, आणि ते त्यांनी वहीत लिहून टाकलं.

"घेताना सगळे माझ्याविरुद्ध," शिफा म्हणाली. "साहेब म्हणाले, महाग आहे. सांगलीचे विश्वजितदादा आमच्याकडं दुसरा कॅमेरा चालवतात, ते म्हणाले, माझ्याकडं वर्षभर ह्याच कंपनीचं आठचं आहे, मला काय कमी पडलं? मी तीन आठवडे आकडे जुळवत बसले होते. हट्टानं सोळाचंच घेतलं. खंडेनवमीला पूजा केली, बसवलं. चौथ्या दिवशी शिराळ्याच्या लग्नाची सहा-के फिल्म सलग बाहेर पडली. पडद्यावर सोळाचा आकडा मी स्वतः बघितला. बाराव्या दिवशी दुसरी फिल्म लावली तर काम बंद. बघते तर आठ."

"ही गोष्ट सुभेदारांना कोणी सांगितली?"

"मीच! आणि त्याच खरेपणानं मी अडकले. आधी सोळा होतं म्हणजे दुकानदारानं फसवलेलं नाही. मग बदललं कुणी? किल्ली दोघांकडं, त्यांच्याकडं आणि माझ्याकडं."

"मधल्या आठ दिवसांत मशीनजवळ कोण कोण आलं?"

"साहेबांचा पुतण्या ऋषिराज. इस्लामपूरला हॉस्टेलवर असतो, रविवारी गेम खेळायला बसला होता. एकदा पंखा वाजत होता म्हणून साहेबांनीच मशीन सांगलीला जयराजशेठच्या दुकानात नेलं. आणि विश्वजितदादा, त्यांच्या कॅमेऱ्याचं शूटिंग उतरवून द्यायला आले होते. तासभर लागतो त्याला. मी जेवायला घरी गेले होते."

"पूजेला कोण होतं?"

"साहेब, त्यांच्या आई आणि मी. बाकी कुणी नाही." तिनं मोबाइल पुढं केला. "हा फोटो तेव्हाचा. स्टेटसला ठेवला होता, कॅमेरावाल्यांच्या ग्रुपवरही टाकला."

ताटात नारळ, त्याशेजारी काळं कार्ड, त्याच्या पाठीच्या धातूवर अंगठ्याएवढा लाल टिळा. सगळं चित्र सोनेरी उन्हात न्हायल्यासारखं दिसत होतं.

"छान फोटो," आकाराम पुटपुटले.

"मी सगळ्याच फोटोंना ऊबदार रंग देते, काका. सवय आहे." पहिल्यांदाच ती किंचित हसली. "तो टिळाच माझ्या मुळावर आला. साहेबांनी मशीनमधून काढलेल्या कार्डावरही तसाच आहे म्हणतात. म्हणजे पूजा बघितलेल्यानंच दुसऱ्या कार्डावर टिळा लावला. म्हणजे मीच. मला तर त्यांनी ते कार्ड बघूही दिलं नाही."

आकारामांनी वहीत लिहिलं: 'कार्डावर कुंकू. खुणेची जागा घरच्यांनाच माहीत.' पोरगी खरी वाटत होती, पण सगळं तिच्याच अंगावर येत होतं. त्यांना उगाचच चिडल्यासारखं झालं.

*

शिफाला सोबत घेऊन रेश्माची गाडी निघाली आणि कराड मागं पडलं. कुंडलला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं.

"चहा घ्या, मॅडम," सुभेदार उदयसिंह म्हणाले. "पन निकाल लागलेला हाय. फौजेत कोतामधलं, म्हंजी हत्यारांच्या कोठीतलं हत्यार बदललं, तर किल्ली ज्याच्याकडं त्यो जबाबदार. तिथं रडारड चालत न्हाई."

"किल्ली तुमच्याकडंही आहे, साहेब," शिफा दारातूनच म्हणाली.

"मी माझ्याच घरात चोरी करू व्हय?"

"मला भागीदार करणार होता. मी माझ्याच धंद्यात करीन का?"

सुभेदार उठले. काळी फौजी पेटी उघडून त्यांनी पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं कार्ड काढलं आणि शिफाकडं पाठ करून रेश्माच्या हातात दिलं.

आकाराम वाकून बघू लागले. धातूच्या पाठीवर लालभडक टिळा. पंख्यांच्या खाली पातळ पत्र्यांचे दाट थर होते आणि त्या फटींमध्ये पिवळसर पूड बसली होती. आकारामांनी वहीतलं 'कुंकू' खोडून 'हळदकुंकू' केलं. निदान नोंद तरी नेमकी असावी.

रेश्मानं टाचणीनं दोन्ही जागची थोडी थोडी पूड दोन वेगळ्या कागदांवर काढली. "नंबराची चिठ्ठी खरवडलेली आहे."

"तेच तर! बिलावरचा नंबर जुळवायचा कशाशी?"

"पूजेच्या वेळी तुम्ही कुठं होता?"

"उंबऱ्यात. एका पार्टीचा फोन आलावता. तिथनंच हात जोडलं. काय करायचं ते आईनंच केलं."

ऋषिराज दिवाळीच्या सुट्टीसाठी आला होता. विशीतला, उंच, आणि चौकशीचा त्याला मनापासून कंटाळा आला होता.

"मी गेम खेळलो, एवढंच. माझ्याकडं लॅपटॉप हाय, मॅडम. हे कार्ड त्यात बसवायचं म्हणजे लॅपटॉपच ह्याच्यावर ठेवाय लागंल."

"विकता आलं असतं."

"विकलं असतं तर रिकामी जागा राहिली असती. दुसरं आठचं कुठनं आणू? हॉस्टेलवर पंखा लावायला वायर मिळत न्हाई."

"गेम नीट चालला?"

"लय भारी चालला. म्हणून तर परत बसायचं होतं. काका आता खोलीत पाऊल टाकू देत न्हाईत."

आतल्या खोलीत सुभेदारांच्या आई बनुबाई गहू निवडत होत्या. देव्हाऱ्यात म्हसवडच्या सिद्धनाथाचा टाक होता आणि त्याच्यापुढं गुलालानं माखलेल्या खोबऱ्याच्या दोन वाट्या.

"आजी, त्या यंत्राची पूजा तुम्हीच केली ना?"

"व्हय की. सून गेलीया पुण्याला लेकीच्या बाळंतपणाला. मग कोण करणार? मी म्हणलं, ह्यो काळा दगड कसला पुजायचा? तर शिफा म्हणली, आजी, ह्योच आपला बैल. नांगर ओढायचा ह्यानंच."

"आणि टिळा?"

"नाथाचं जे देवापुढं हुतं तेच लावलं. मालक गेल्याला तीस वर्सं झाली. ते सोडून दुसरं कायबी मी हातात घेत न्हाई, बाई." त्यांनी सूप खाली ठेवलं. "पोरगी पंख्यावर लावू देईना. आत जाईल म्हणली, पाठीवर लावा. माझ्यापेक्षा तिलाच त्येची काळजी. आन् तीच चोरणार व्हय? उदयला म्हणलं मी. पन त्यो कुनाचं ऐकतोय!"

रेश्मा उठली. बाहेर येऊन म्हणाली, "सुभेदारसाहेब, कार्ड आणि बिल घ्या. तुमच्याच गाडीनं आपण चौघं सांगलीला जाऊ. शिफा, तूही."

"कशाला? पेट्रोल जाळायला?"

"अर्ज खोटा निघाला तर पेट्रोल स्वस्त पडेल."

*

जयराजशेठचं दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं. एसी, काचेचं दार, बूट बाहेर.

"ही बाई!" शिफाला बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "मॅडम, माझ्या दुकानात लोक येतात आणि विचारतात, चांगलं कुठलं? ही आली वही घेऊन. मेमरी किती, वीज किती खाणार, पेटीत लांबी मावणार का, गरम किती होणार. अडीच तास! शेवटी मीच म्हणालो, बाई, माझ्या जागी तू बस."

"पंखा वाजतो म्हणून मशीन आलं होतं. किती वेळ होतं?"

"अर्धा तास. एक वायर पात्याला लागत होती. आणि सुभेदार खुर्ची ओढून मशीनपुढंच बसले होते. माझा माणूस शिंकला तरी हे विचारायचे, काय झालं?"

"मी हललोच न्हाई," सुभेदार म्हणाले, आणि आपण दुकानदाराची बाजू घेतली हे लक्षात येऊन त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

जयराजशेठनी कार्ड उजेडात धरलं. "कुंकू लावायला माझी हरकत नाही. पण हे पंधरा दिवसांचं कार्ड नव्हे. स्क्रूची भोकं बघा, कितीदा उघडलंय. माझ्याकडं सगळा डबाबंद माल, जुनं मी ठेवतच नाही."

आकारामांच्या वहीची पानं भरत होती आणि डोकं रिकामं होत होतं. पुतण्या नाही, दुकानदार नाही. उरलं कोण? त्यांनी शिफाकडं बघितलं. ती जिन्यात उभी राहून रुमालाची गाठ सोडत होती, पुन्हा बांधत होती.

विश्वजितचा स्टुडिओ मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत होता. शेजारीच हळद दळायची गिरणी घरघरत होती. जिना चढतानाच आकारामांना तीन शिंका आल्या. कठड्याला हात लावला तर बोटं पिवळी.

"या, या! अरे, सुभेदारसाहेब!" विश्वजित चाळिशीचा, हसतमुख माणूस होता. "शिफा, काय हे? मी ऐकलं आणि मला लई वाईट वाटलं गं. साहेब, पोरगी चुकली असंल. मिटवून टाका. पोलीस कशाला?"

"मी चुकले नाही, दादा."

"बरं बरं. मी आपलं बोललो."

"तुम्ही आठचंच घ्या म्हणाला होता," रेश्मा म्हणाली.

"अजूनबी म्हणतो. नुसत्या आकड्याला भुलायचं नसतं. आता हे बघा," त्यानं पडद्याकडं बोट केलं. मिरवणुकीतल्या दिव्यांचं चित्र लखलखत होतं. "सहा-के. खरखर काढलेली. अडीच तासांची फिल्म मागच्या आठवड्यात ह्याच मशीनवर एका दमात बाहेर काढली. आधी असलं काम कोल्हापूरला पाठवत होतो. म्हणलं, आपणच करून बघू."

"छान झालीय," आकाराम म्हणाले. त्यांना ती खरोखर आवडली होती.

"काका," रेश्मा म्हणाली, "शिफाकडून कार्डाबद्दल तुम्ही सकाळी काय लिहून घेतलंत ते वाचा."

आकाराम गोंधळले. त्यांनी पानं उलटली. "'सहा-के, त्यात खरखर काढायची, तर आठमध्ये काम हळू होत नाही. होतच नाही.'"

वाचून झाल्यावर त्यांनी पडद्याकडं बघितलं. मग विश्वजितकडं. टेबल लहान होतं, आणि तरी एकही पाकीट खाली पडलं नव्हतं.

"मशीन उघडा, विश्वजित," रेश्मा म्हणाली.

"का म्हणून? वॉरंटी जाईल माझी."

"ठीक आहे. मग मी बोलते, तोवर तुम्ही विचार करा." तिनं खिडकीपाशी जाऊन दोन्ही कागद उलगडले. "सगळ्यांचा घोटाळा टिळ्यानं केला. टिळा आहे म्हणजे पूजा बघितलेल्याचं काम, असं सुभेदारसाहेबांनी धरलं. पण खरा टिळा कशाचा होता?"

"कुंकवाचा," आकाराम म्हणाले.

"तुम्ही पूजा कुठं बघितली, काका? तुम्ही शिफाचा फोटो बघितला आणि वहीत कुंकू लिहिलं. ती फोटोला ऊबदार रंग देते, त्यात गुलाबीसुद्धा लाल दिसतं. बनुआजी तीस वर्षं कुंकवाला हात लावत नाहीत. देवापुढं होता तो सिद्धनाथाचा गुलाल. शिफा, टिळा कशाचा होता?"

"गुलालाचा," शिफा म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही."

"आणि ह्या कार्डावर आहे ते कुंकू." तिनं एक कागद सुभेदारांपुढं धरला. "शिफानं बदललं असतं तर गुलालच लावला असता. तिला रंग कळतात, त्यावरच तिचं पोट आहे. कुंकू लावणारा माणूस पूजेला नव्हता. काकांसारखाच त्यानंही फक्त फोटो बघितला."

सुभेदारांनी चष्मा लावून कागद डोळ्यांजवळ नेला. "आयला. मी नीट बघितलंच न्हाई."

"पण खरं कार्ड काढताना त्याला गुलाल दिसला असणार की," आकारामांनी धीर करून विचारलं.

"दिसला असेल, काका. पण तो तयारीनं आला होता. टिळा घरूनच लावून आणलेला, हातात तासभर, आणि त्यातच शूटिंग उतरवायचं. तिथं गुलाल कुठून आणणार? पेटीच्या आत रंगीत दिवे असतात, त्यात कुणाला फरक कळणार नाही, हेही त्याला धंद्यामुळं माहीत."

"हे असं कुणीबी केलं असंल," विश्वजित म्हणाला. त्याचं हसू मात्र आटलं होतं. "ग्रुपवर दीडशे कॅमेरावाले हायत."

"त्यातले किती जण मधल्या आठ दिवसांत कुंडलच्या मशीनपुढं एकटे बसले? आणि आता हा दुसरा कागद. पत्र्याच्या फटींतली पिवळी पूड. काकांनी ती पूजेची हळद धरली. पण पूजेत हळद नव्हतीच. आणि पूजेची हळद वर लागते. ही पार आत गेलीय. पंख्यांनी वर्षभर हवेतून ओढून घेतल्याशिवाय ती तिथं पोचत नाही." तिनं खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं आणि ते पिवळं बोट विश्वजितपुढं धरलं. "जयराजशेठच्या काचेआड ही मिळत नाही. इस्लामपूरच्या हॉस्टेलवर मिळत नाही. वर्षभर वापरलेलं आठचं जुळं कार्ड, हळदीच्या गिरणीशेजारी. ते एकाचंच आहे, आणि तुम्ही ते शिफाला स्वतः सांगितलं होतंत."

गिरणी घरघरत होती. शेवटी सुभेदारांनीच स्क्रूड्रायव्हर उचलला.

मशीनमधून निघालेल्या कार्डावरची चिठ्ठी शाबूत होती. ती खरवडली असती तर वॉरंटी गेली असती, आणि विश्वजितला ती हवी होती. शिफानं बिल धरलं, सुभेदारांनी एकेक आकडा मोठ्यानं वाचला. सगळे जुळले. धातूची पाठ स्वच्छ पुसली होती, पण एका स्क्रूच्या खाचेत गुलाबी कण अडकून राहिले होते.

"दोन मोठी कामं हातची गेली," विश्वजित खाली बघत म्हणाला. "गिऱ्हाईक म्हणायचं, कुंडलची पोरगी करते, तुम्हाला का जमत न्हाई? वर्षापूर्वी मीच फुशारकी मारून आठ घेतलंवतं. घरात काय सांगू, चुकलं म्हणून? तुमच्याकडं सोळा नुसतं पडून असतंय असं वाटलं. कळायचं न्हाई म्हणलं."

"दादा," शिफा म्हणाली, "मला विचारलं असतंत तर तुमची फिल्म मी आमच्या मशीनवर काढून दिली असती."

तो टेबलावरचे स्क्रू एकेक करून गोळा करू लागला.

परतीच्या वाटेवर सुभेदारांनी पलूसपर्यंत चार वेळा घसा साफ केला. मग म्हणाले, "झालं गेलं सोड, पोरी. पाडव्याला ये. कागद करून टाकू."

"पाडव्याला नाही, साहेब. आधी ठाण्यात चला."

"अगं, उद्या मी फोन करतो की. वळखीचे हायत."

"तुम्ही अर्ज फोनवर दिला नव्हता. माझं नाव, माझ्या अब्बांचं नाव, गल्लीसकट लिहून दिलंत. काल माझ्या दारात शिपाई आला, ते सगळ्या मोहल्ल्यानं बघितलं. गाडी ठाण्याकडं घ्या, नाहीतर मला इथंच उतरवा."

सुभेदारांनी आरशातून तिच्याकडं बघितलं. तीस वर्षं हुकूम देणारा आणि घेणारा माणूस होता तो. हा हुकूम आहे, हे त्यांना कळलं असावं. त्यांनी गाडी वळवली.

ठाण्यातल्या हवालदारानं कोरा कागद ओढला. "बोला सुभेदार. गैरसमजातून तक्रार दिली, आता काय म्हणणं नाही, एवढंच ना?"

"व्हय, तेवढंच."

"तेवढंच नाही," शिफा म्हणाली. "खरा चोर कोण, तेही लिहा. आणि पुढं लिहा, की कार्ड शिफा शिकलगारनं निवडलं होतं, आणि ते बरोबर निवडलं होतं."

हवालदारानं पेन उचललं. "त्याचा इथं काय संबंध, बाई?"

आकारामांना एकदम वाटलं, आपण काहीतरी बोलावं. पण त्याची गरज पडली नाही.

"लिवा," सुभेदार उदयसिंह म्हणाले. "ती सांगती तसंच लिवा. मी सही करतो."